दंड राजकोषात, तोटा गृहस्थाच्या माथी

व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन माल अडवून ठेवला किंवा संगनमताने भाव चढविला, तर त्यांना एक हजार पण दंड करावा, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगून ठेवले आहे. आज हे कर्तव्य २००२ च्या स्पर्धा कायद्यान्वये भारतीय स्पर्धा आयोगाकडे आहे. परंतु दंड झाला म्हणजे न्याय झाला, असे म्हणता येईल काय?

सिमेंटचेच उदाहरण घ्या. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून आयोगाने जून २०१२ मध्ये ११ सिमेंट कंपन्यांना सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुरवठा रोखून संगनमताने भाव ठरविल्याचा ठपका त्यांच्यावर होता. नैसर्गिक न्यायाच्या मुद्द्यावर २०१५ मध्ये तो आदेश रद्द झाला. २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला, २०१८ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो उचलून धरला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. या साऱ्या प्रवासात, भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून चार खोल्या बांधणारा सामान्य गृहस्थ कोठेच नव्हता. दंडाची रक्कम वसूल झाली, तरी ती भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याच्या खिशातून जादा पैसे गेले, त्याच्या हाती त्यातील एक रुपयाही पडत नाही.

कायद्यात तरतूद नाही, असे मात्र नाही. कलम ५३एन अन्वये, आयोगाने कायदाभंग झाल्याचे ठरविल्यानंतर नुकसान सोसलेल्या कोणालाही राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने न्यायाधिकरणाच्या परवानगीने एकत्रित अर्जही करता येतो. मग घोडे अडते कोठे? अपिले वर्षानुवर्षे चालतात. संगनमत नसते तर भाव किती राहिला असता, हे सिद्ध करणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. आणि गोणीमागे गेलेल्या काही रुपयांसाठी न्यायाधिकरणाची पायरी कोण चढणार?

अमेरिकेत १९१४ च्या क्लेटन कायद्यानुसार नुकसानीच्या तिप्पट भरपाई मिळते. ते अनुकरण आपल्याला नको. त्यातून वकिलांचेच उखळ पांढरे होण्याची भीती आहे. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाद्वारे संयत मार्ग काढला. तेथे भरपाई प्रत्यक्ष नुकसानीएवढी व व्याजासह मिळते. मात्र उत्पादकांचे संगनमत सिद्ध झाले की नुकसान झाले असे गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी कंपन्यांवर पडते. ठेकेदारामार्फत माल घेणाऱ्या अंतिम ग्राहकालाही दावा करता येतो. मालमोटारींच्या उत्पादकांना २०१६ मध्ये सुमारे २९३ कोटी युरोंचा दंड झाल्यानंतर खरेदीदारांनी अनेक देशांच्या न्यायालयांत भरपाईचे दावे गुदरले, ते याच वातावरणात.

हे गृहीतक आपल्या कायद्यातही यावयास हवे. रस्ते, धरणे व पूल बांधणारी राज्य सरकारे सिमेंटची मोठी ग्राहक आहेत. त्यांनी स्वतः दावे दाखल करून पायंडा पाडावा. ग्राहक संघटनांनी पावत्या गोळा करून सामूहिक अर्ज करावेत. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा ग्राहक संरक्षण कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. आज कायदा आहे, कलम आहे. उणीव आहे ती संघटित ग्राहकाची, आणि ती भरून काढणे आपल्याच हाती आहे.