खिचडीचा हिशेब

शाळेतल्या खिचडीची बातमी होते ती बहुधा तांदळात किडे निघाले किंवा मुलांना विषबाधा झाली म्हणजे. एरवी मध्यमवर्गीय घरांत तिचा उल्लेख होतो तो थट्टेने. ‘मुले शाळेत शिकायला जातात की जेवायला?’ हा प्रश्न आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. तो विचारणाऱ्याच्या घरी मुलाचा डबा सकाळी सातलाच भरलेला असतो, ही गोष्ट वेगळी. अर्थशास्त्रज्ञांनी मात्र या खिचडीला निराळाच प्रश्न विचारला. ती खाल्लेल्या मुलीला पुढे जे मूल झाले, त्याची उंची किती भरली?

तामिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांनी 1982 साली शाळेतल्या जेवणाचा मोठा विस्तार केला, तेव्हा ही मते मिळवण्याची युक्ती म्हणून तिला हिणवले गेले. केंद्राची योजना आली 15 ऑगस्ट 1995 रोजी. पण बहुतेक राज्यांनी शिजवण्याची कटकट टाळली आणि महिन्याला तीन किलो धान्य मुलाच्या पिशवीत घातले. घरी गेलेला तांदूळ सगळ्या घराचा होतो. मुलीच्या ताटात त्यातला किती पडतो, हे सांगायला नको. अखेर 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, शिजवलेलेच अन्न द्या, किमान 300 कॅलरी आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिनांचे, वर्षातून किमान 200 दिवस. तरीही राज्ये एकदम हलली नाहीत. ही दिरंगाई मुलांच्या मुळावर आली. संशोधकांच्या मात्र ती पथ्यावर पडली. कारण जेवण मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलींची तुलना करता आली.

सुमन चक्रबर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 2021 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात मांडली. लहानपणी ज्यांना शाळेत जेवण मिळाले, त्या स्त्रियांची मुले वयाच्या मानाने अधिक उंच होती आणि गरीब घरांत हा फरक जास्त होता. 2006 ते 2016 या दहा वर्षांत भारतीय मुलांची उंची जेवढी सुधारली, त्यातला 13 ते 32 टक्के वाटा या जेवणाशी जोडता येतो, असे त्यांचे अनुमान आहे. यात जादू नाही. मुलगी जेवणाच्या ओढीने शाळेत टिकते, चार इयत्ता जास्त शिकते, मुले कमी होतात, आणि बाळंतपणात दवाखान्याची पायरी चढते.

शंका घ्यायला अर्थातच जागा आहे. ज्या राज्यांनी लवकर चूल पेटवली, त्यांचा कारभार एरवीही बरा असेल. संशोधकांनी असे फरक वजा केले असले, तरी संशय पुरता फिटत नाही. म्हणून दुसरीकडचे दाखले पाहावे लागतात.

अमेरिकेत गरिबांना किराण्यासाठी मिळणारी ‘फूड स्टॅम्प’ची कुपने 1961 पासून एकेका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, पोहोचत गेली आणि देश व्यापायला 1975 उजाडले. हिलरी होइन्स, डायान शान्झेनबाख आणि डग्लस आमंड यांनी 2016 साली दाखवले की, ज्यांना ती अगदी लहानपणी मिळाली, त्यांच्यात मोठेपणी लठ्ठपणा, रक्तदाब, मधुमेह या एकत्र येणाऱ्या दुखण्यांचे प्रमाण कमी होते. तिथली ‘मेडिकेड’ ही गरिबांची आरोग्य योजना वाढवताना तर कायद्याने एक तारीखच आखली होती : 30 सप्टेंबर 1983 नंतर जन्मलेल्या गरीब मुलांना किशोरवयातही संरक्षण, आधीच्यांना नाही. केवळ काही दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या मुलांत पंचविशीला फरक दिसला. कृष्णवर्णीयांत, नंतर जन्मलेल्यांना रुग्णालयात दाखल होण्याची वेळ कमी आली.

‘श्रीमंत देशाला हे परवडते’ असे म्हणणाऱ्यांनी नेथन हेंड्रन आणि बेन स्प्रुंग-कायझर यांचा 2020 सालचा अभ्यास पाहावा. अमेरिकेतले 133 धोरणबदल त्यांनी तपासले. गरीब मुलांच्या आरोग्यावर व शिक्षणावर केलेला खर्च सर्वांत फळला. त्यातल्या अनेक योजनांचा पैसा तर पुढे कररूपाने सरकारकडेच परतला. अडचण एवढीच की, तो परतायला वीस-पंचवीस वर्षे लागतात, आणि आपले अंदाजपत्रक दर मार्चला मिटते.

महाराष्ट्राने नोव्हेंबर 2023 मध्ये या आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले. न खाणाऱ्यांसाठी फळ. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवून, हवे तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. पण जिथे अंड्याची गरज जास्त, त्या पाड्यावर वर्गणी जमायची कशी? शहरालगतची शाळा ती जमवील. तिथल्या मुलांच्या डब्यात कदाचित ते असतेही. हा खर्च सरकारी तिजोरीतूनच व्हायला हवा. निदान नंदुरबार, पालघर, गडचिरोलीच्या गुरुजींना तरी अंड्यासाठी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायला लावू नये.