फुकटची बातमी कोणाच्या पैशाने?

बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांतून एक वाद हल्ली वारंवार कानी येतो. मुलगा किंवा मुलगी बी.कॉम. करून फायनान्सकडे वळलेली असते. प्राध्यापक सांगतात, रोज आर्थिक वृत्तपत्र वाचा. मुले घरी येऊन वर्गणीचा विषय काढतात आणि वडील म्हणतात, "मोबाइलवर सगळे फुकट मिळते, त्याला पैसे कशाला?" क्लासच्या फीसाठी ज्यांनी ठेव मोडली, तेच वडील वर्षाच्या दोन-तीन हजारांसाठी हात आखडता घेतात. आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे. काटकसरीला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. पण ही काटकसर नव्हे, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फुकट काही नसते, हे बडोदेकरांना तरी सांगावे लागू नये. महाराज सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१० पासून बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या मदतीने गावोगाव वाचनालयांचे जाळे विणले. त्याचा खर्च दरबाराने केला, कारण दरबाराला रयत शहाणी व्हायला हवी होती. आज मोबाइलवरच्या फुकट बातमीचा खर्च कोण करतो? जाहिरातदार करतो, अॅपवाला करतो, टिपा विकणारा करतो. त्यांना वाचक शहाणा व्हायला नको आहे, गिऱ्हाईक व्हायला हवा आहे.

त्याचा परिणाम आकड्यांत पाहा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. फुकटच्या व्हिडिओत मात्र उरलेले सातच जण दिसतात. तीन हजार वाचवायचे आणि तीन लाख घालवायचे, याला कोणत्या हिशेबात नफा म्हणायचे?

आता दुसरी बाजू पाहा. एप्रिल १९९२ मध्ये हर्षद मेहताचा रोखे घोटाळा सुचेता दलाल यांनी उघडकीला आणला, तो पगार देणाऱ्या वृत्तपत्राच्या पानावर. अशी बातमी काढायला महिनोन्महिने माणसे लागतात, कागद तपासावे लागतात, कोर्टाची नोटीस अंगावर घ्यावी लागते. हे फुकट कोण करील? मार्च २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक अडचणीत आली, तेव्हा शेअर दलालांना दिलेल्या कर्जांची चर्चा घरोघरी झाली. पण तोवर ठेवीदार रांगेत उभे होते. त्या बँकेचा परवाना जून २०१२ मध्ये रद्द झाला. ज्याला उद्या लोकांच्या ठेवी सांभाळायच्या आहेत, त्याला रांग लागण्यापूर्वी बातमी वाचता आली पाहिजे.

काही जण म्हणतील, वृत्तपत्रे तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहेत? नाहीतच. २००९ च्या निवडणुकांत 'पेड न्यूज'ने महाराष्ट्राची मान खाली गेली. जाहिरातीच्या बदल्यात कंपन्यांचे शेअर घेण्याची प्रथा काही माध्यमसमूहांनी पाडली आणि अशा हितसंबंधांचा खुलासा करा, असे २०१० साली सेबी व प्रेस कौन्सिलला बजावावे लागले. पण हे सारे घडले ते वाचकाच्या पैशावर अंक चालत नाही म्हणूनच. जो पैसे देतो तो जाब विचारतो. आपण द्यायचे थांबलो, तर आपल्या वतीने जाब विचारणार कोण?

दुसरा आक्षेप असा, की रिझर्व्ह बँकेचे आणि सेबीचे सारे अहवाल मोफत आहेत. खरे आहे, आणि विद्यार्थ्याने ते वाचावेतच. पण ऑक्टोबर २०१९ पासून नवी फ्लोटिंग गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडली गेली. रेपो हलला की ग्राहक काउंटरवर येऊन विचारतो, "माझा हप्ता का बदलला?" तेव्हा कालचा मथळा कामाला येत नाही. वर्षभर रोज वाचलेले कामाला येते.

आमचे सांगणे सरळ आहे. आधी विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात चौकशी करा. तिथे मिळते ते तिथे वाचा. विद्यार्थ्यांसाठी सवलतीचा दर असल्यास तो मागून घ्या. मग एक इंग्रजी अर्थविषयक पत्र आणि त्याच्या जोडीला एक मराठी दैनिक, अशी वर्गणी भरा. मराठी कशाला? आपला व्यापार गुजरातीत, शिक्षण इंग्रजीत, आणि मराठी उरली आरतीपुरती. ठेव, तारण, भांडवल, ताळेबंद हे शब्द ज्या घरातून गेले, त्या घरातला शिकलेला नातू आजीला तिच्याच पैशांचे काय झाले हे सांगू शकत नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले, ते मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापून. दोन्ही भाषा हव्यात हे त्यांना तेव्हा कळले होते.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीला चार शब्द. आपल्या गटावर रोज सकाळी वृत्तपत्रांच्या चोरीच्या पीडीएफ फिरतात आणि पदाधिकारी त्यांना हात जोडून 'धन्यवाद' लिहितात. हे बंद झाले पाहिजे. गणपतीची वर्गणी आपण न मागता देतो. यंदा मांडवाच्या रोषणाईतली एक माळ कमी करा आणि समाजातल्या गरजू वाणिज्य विद्यार्थ्यांची वर्षाची वर्गणी मंडळाने भरावी. हा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही मांडणार आहोत. ज्यांचा विरोध असेल त्यांनी सभेत उभे राहून बोलावे.