साप पाहा, दगड उलटू नका

अंबाबरवा अभयारण्याच्या कडेने शनिवार-रविवारी साप-सरडे शोधणाऱ्या गटांची बाजू घेणारे पत्र वाचले. खुशाल फिरावे, पण दगड उलटू नयेत आणि काहीही हाताळू नये. उन्हाळ्यात दगडाखालची ओल हाच पाली-विंचवांचा आसरा. उलटलेला दगड पुन्हा तसा बसत नाही. हातात घेतल्याशिवाय भीती जात नाही, असे पत्रलेखक म्हणतात. पण वेटोळ्यांवर वेटोळे घासून करवतीसारखा आवाज काढणारे फुरसे दुरूनही ओळखू येते, आणि त्याची भीती थोडी उरलेलीच बरी! शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पकडणे हीदेखील शिकारच धरली आहे, आणि घोरपड तर पहिल्या अनुसूचीत आहे. फोटोपुरती धरून सोडली, ही सबब तिथे टिकायची नाही.

– एक वाचक, सोनाळा (जि. बुलढाणा)