पोरकेपणाचे वय

वयात येणे आणि मोठे होणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पहिलीला तारीख असते. दुसरी बहुधा एखाद्या मृत्यूनंतरच्या साध्यासुध्या दिवसांत घडत राहते आणि ती केव्हा पुरी झाली, हे कोणालाच सांगता येत नाही. कायद्याला मात्र रेषा आखावीच लागते. १९८९ पर्यंत ह्या देशात मतदानाचे वय २१ होते. ६१व्या घटनादुरुस्तीने ते १८ झाले. अशी रेषा नसेल तर व्यवहार चालणार नाही, हे मान्य. पण व्यवहारासाठी आखलेल्या रेषेलाच आपण अनुभवाची सीमा मानू लागलो, की अन्यायाला आरंभ होतो.

मे २०२१ मध्ये, साथीच्या दुसऱ्या लाटेत, केंद्र सरकारने कोविडमुळे आईवडील दोघेही, किंवा हयात असलेला एकच पालक, गमावलेल्या मुलांसाठी योजना जाहीर केली. पालकाच्या मृत्यूच्या दिवशी मुलाची १८ वर्षे पूर्ण झालेली नसावीत, अशी तिची अट होती. अट अवाजवी होती असे म्हणण्याचा हेतू नाही. पण साडेअठरा वर्षांची, पदवीच्या पहिल्या वर्षात शिकणारी मुलगी त्या दिवशी कोण ठरली? कागदाच्या दृष्टीने ती प्रौढ होती. मराठीच्या दृष्टीने ती पोरकी होती. ‘पोरका’ ह्या शब्दात ‘पोर’ ऐकू येत असले, तरी आपण तो शब्द पन्नाशीच्या माणसासाठीही सहज वापरतो. आई गेल्यावर ‘मी पोरका झालो’ असे म्हणणाऱ्या गृहस्थाला कोणी त्याचे वय विचारीत नाही. भाषेची ही समज नियमांच्या समजेहून उदार आहे.

तरीही आपण आपल्याच भाषेशी प्रामाणिक राहत नाही. समाचाराला आलेली वडीलधारी मंडळी वीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, ‘आता तूच घरातला कर्ता.’ मुलीला सांगतात, ‘आता आईच्या जागी तूच.’ बोलणाऱ्यांचा हेतू धीर देण्याचा असतो, परंतु ह्या वाक्यांनी शोक करण्याची मुभा ज्याची त्याच्याकडूनच काढून घेतली जाते. वडील गेले म्हणून रडावे, तर घर कोणी सावरायचे? मोठे होणे ही वाढ न राहता रिकाम्या जागेवरची नेमणूक होऊन बसते.

जुन्या सुतकाच्या प्रथेत सोवळ्याओवळ्याची, जातीची आणि स्त्रियांवरच्या बंधनांची जळमटे पुष्कळ होती. तिचे पुनरुज्जीवन व्हावे असे प्रस्तुत लेखकाला मुळीच वाटत नाही. पण तिच्यात एक शहाणपण होते. दहा दिवस नित्याचे जगणे थांबे, आणि ते थांबले आहे हे साऱ्या गावाला दिसे. आज दूरच्या विद्यापीठात शिकणारा विद्यार्थी तेराव्यानंतर वसतिगृहात परततो, तेव्हा त्याच्याकडे पाहून कोणाला काही कळत नाही. खानावळीत तीच रांग, भिंतीवर परीक्षेचे तेच वेळापत्रक. हजेरीच्या हिशेबात आजारपणाचा दाखला चालतो. शोकाला सहसा रकाना नसतो. आणि संध्याकाळी ज्या वेळी घरून फोन यायचा, ती वेळ रोज येतच राहते. मृत्यू एकदाच घडतो. त्याची उणीव मात्र अशा बारीकसारीक वेळांना पुन्हा पुन्हा जाणवते.

म्हणूनच तरुणांनी लिहिलेल्या दैनंदिन जीवनाच्या नोंदींना क्षुल्लक आत्मकथन म्हणून बाजूला सारणे चुकीचे आहे. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर अशा क्षुल्लकाचाच ढीग रचतो: वसतिगृह, खानावळ, परीक्षा, वडिलांकडून येणारे पैसे. धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू ह्या पसाऱ्यात येतो आणि त्याच्या उपरोधाचे कवच तिथे फुटते. पसारा नसता तर तो आघात इतका खोल गेला नसता. ‘श्यामची आई’तही शिक्षणासाठी दूर गेलेला श्याम घरी पोचतो तेव्हा आई गेलेली असते. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. विशीच्या आतल्या दुःखाला शब्द मिळण्यास इतकी वर्षे लागली, ही गोष्ट घाईने ‘सावर आता’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

महाराष्ट्राबाहेर मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न तर आणखी नाजूक आहे. तो प्रबंध इंग्रजीत लिहितो, मित्रांशी हिंदीत बोलतो. आईविषयी बोलण्याची त्याची भाषा ज्यांना कळते, अशी माणसे त्याच्या अवतीभोवती दोनचारच असतात. भाषाविभागांचे खरे काम इथे सुरू होते. निबंधाला गुण देताना व्याकरणाबरोबर विद्यार्थ्याच्या अनुभवाचीही कदर व्हावी. मातृभाषेतील रोजनिशीला अभ्यासक्रमात साहित्यप्रकार म्हणून स्थान असावे. आणि शोकाच्या रजेसाठी कोणा विद्यार्थ्याला खोटा आजार शोधावा लागू नये. ह्यांतील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

तरुणांनी मोठे व्हावे, ही अपेक्षा रास्तच आहे. त्यासाठी त्यांना आधी काही काळ पोरके राहू द्यावे, एवढेच मागणे आहे.