पेशीपटलावरचा मारा, जपून

जिवाणूच्या पेशीपटलावरच घाव घालणाऱ्या प्रतिजैविकांवर किती भिस्त ठेवावी, याबद्दल जाणकारांत दोन मते आहेत.

या औषधांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा भक्कम आहे. माणसाच्या पेशीचा बाहेरचा थर बहुतांशी विद्युतभाराने उदासीन असलेल्या मेदांचा आणि कोलेस्टेरॉलचा असतो. जिवाणूच्या पटलात मात्र फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल, कार्डिओलिपिन असे ऋणभारित मेद असतात आणि धनभारित औषध तिकडेच ओढले जाते. एखादे प्रथिन बदलणे जिवाणूला सोपे. अख्खे पटल बदलणे त्याला महाग पडेल, असा हा हिशेब.

पण पटलाची घडण बदलणे हा तर जिवाणूंचा नित्याचाच व्यवहार. थंडीत तूप थिजते, शेंगदाण्याचे तेल पातळ राहते. कारण तेलात असंपृक्त मेदाम्ले जास्त. गारवा वाढला की पटल थिजू नये म्हणून ई. कोलाय हा जिवाणूही त्यात अशीच, साखळीत बाक असलेली मेदाम्ले वाढवतो. वेगवेगळ्या तापमानांत वाढवलेल्या ई. कोलायच्या पटलांचा प्रवाहीपणा त्या-त्या तापमानाला जवळपास सारखाच भरतो, हे मायकेल सिनेन्स्की यांनी १९७४ मध्ये दाखवले. विद्युतभाराचेही तसेच. स्टॅफिलोकोकस ऑरियस फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलला लायसिन जोडतो आणि ऋणभारित मेद धनभारित होतो. मग औषध दूर लोटले जाते. २०१५ मध्ये चीनमधून नोंदवलेले एमसीआर-१ जनुक बाह्यपटलातल्या लिपिड-ए या मेदाचा ऋणभार कमी करून कोलिस्टिन या पटलावर घाव घालणाऱ्या प्रतिजैविकाला निष्प्रभ करते. ते प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर, असल्याने एका जिवाणूतून दुसऱ्यात जाते, ही त्यातली खरी चिंता.

शिवाय निवड वाटते तितकी अचूक नसते. डॅप्टोमायसिन हे याच गटातले औषध फुप्फुसातल्या सर्फॅक्टंट या मेदयुक्त द्रवात अडकून पडते, म्हणून न्यूमोनियात चालत नाही. कोलिस्टिन मूत्रपिंडाला इजा करू शकते.

दुसरीकडे, अतिदक्षता विभागात बाकीची औषधे निकामी ठरलेल्या रुग्णाला अनेकदा कोलिस्टिनचाच आधार उरतो. हे वजन मला जास्त वाटते. या औषधांवरचे संशोधन चालूच राहावे. वापर मात्र राखून, तपासणी करून व्हावा. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिन वापरण्यावर भारताने २०१९ मध्ये बंदी घातली, ती योग्यच होती. आता राज्यांनी तिची अंमलबजावणी कसोशीने करावी.