केकवरचे रंगीत दाणे : ‘कोणाचे?’ एवढाच प्रश्न पुरत नाही

१/१२
घरी वाढदिवसाचा केक झाला आणि त्यावर रंगीत साखरदाणे भुरभुरले, की दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले, ‘हे पाश्चात्त्यांचे अनुकरण.’ दुसरे, ‘साखर मुळात आपली, तेव्हा हेही आपलेच.’ ही दोन्ही मते इतिहासाच्या कसोटीला उतरत नाहीत, असे मला वाटते. त्याची कारणे या धाग्यात मांडतो.

२/१२
प्रथम वस्तू पाहू. स्प्रिंकल्सचे मुख्य प्रकार दोन. लांबट कांड्या करताना साखर, स्टार्च आणि स्निग्धांश यांचा घट्ट गोळा बारीक छिद्रांतून शेवेप्रमाणे पाडून वाळवतात. गोल दाणा मात्र वाढवावा लागतो : एका सूक्ष्म कणाभोवती पाकाचा थर, तो सुकला की दुसरा, मग तिसरा. या दोहोंत गोल दाण्याची परंपरा कितीतरी जुनी आहे.

३/१२
ही क्रिया मराठी वाचकांनी ओळखली असेलच. संक्रांतीचा काटेरी हलवा असाच होतो. मंद निखाऱ्यावर परात, तीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा. वरून चमचाभर पाक आणि बोटांनी अखंड हलवणे. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. असे कित्येक तास केल्यावर दाण्याला काटा फुटतो. त्याचेच दागिने नव्या सुनेच्या आणि बोरन्हाणातल्या बाळाच्या अंगावर चढतात.

४/१२
युरोपात हीच क्रिया ‘कॉम्फिट’ करताना होई. बडीशेप, धने यांसारख्या दाण्यांवर साखरेचे थर चढवत. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये सर ह्यू प्लॅट यांनी ‘डिलाइट्स फॉर लेडीज’ या पुस्तकात तिची कृती दिली : निखाऱ्यावर टांगलेले भांडे, पळीने घातलेला पाक, हाताने चोळलेले दाणे. पुढे अगदी बारीक दाण्यांना ‘नॉनपरेल’, म्हणजे ‘अतुलनीय’, हे फ्रेंच नाव मिळाले. केकवरच्या गोल दाण्यांचे पूर्वज हेच.

५/१२
हे दाणे आधी औषध होते, नंतर चैन झाले. युरोपात ते औषधविक्रेत्यांकडे मिळत आणि जेवणानंतर पचनासाठी खाल्ले जात. आपल्याकडच्या साखर लावलेल्या बडीशेपेसारखेच. इटलीत कार्निव्हलच्या गर्दीवर साखरेत घोळवलेले धने उधळत. आज तिथे उधळायच्या कागदी कपट्यांना ‘कोरिआंदोली’ म्हणतात, आणि तो शब्द धन्यांवरूनच आला आहे. वस्तू बदलली, नाव राहिले.

६/१२
आता पूर्वेकडे वळू. १५६९ मध्ये लुईश फ्रोइश या पोर्तुगीज जेझुइटाने जपानचा सरदार ओदा नोबुनागा याला काचेच्या बरणीतून ‘कोंफेइतो’ भेट दिले. जपानी भाषेत त्याचे ‘कोंपेइतो’ झाले. त्याच्याही अंगावर काटे असतात. हलव्याशेजारी ठेवले तर दोहोंत फरक करताना क्षणभर थांबावे लागेल. आणि हाच फ्रोइश जपानला पोहोचण्यापूर्वी अनेक वर्षे गोव्यात राहिला होता.

७/१२
इथे मोह होतो. गोवा, पोर्तुगीज, काटेरी दाणे : तीन ठिपके जोडले की गोष्ट तयार! मित्रहो, इथेच थांबा. रूपसाम्य हा उगमाचा पुरावा नव्हे. एकच युक्ती दोन ठिकाणच्या हातांना स्वतंत्रपणे सापडू शकते. हलवा पोर्तुगीजांनी दिला किंवा त्यांनी तो इथून नेला, यांपैकी काहीही म्हणायला समकालीन कागद हवा. साम्य पाहून प्रश्न विचारावा. निकाल देऊ नये.

८/१२
‘साखर आपली’ या म्हणण्यात तथ्य आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा हे प्रकार नोंदलेले आहेत. ‘शुगर’ शर्करेपासून आणि ‘कँडी’ खण्डापासून फारसी-अरबीच्या वाटेने निघाले. इ.स. ६४७ मध्ये चीनच्या तांग सम्राटाने साखर करण्याची विद्या शिकण्यासाठी मगधात माणसे पाठवली. परंतु कच्चा माल आपला म्हणून त्यापासून जगात घडलेली प्रत्येक वस्तू आपली ठरत नाही.

९/१२
शिवाय साखरेचा अभिमान बाळगायचा, तर तिचा पुढचा हिशेबही वाचावा लागतो. युरोपच्या मिठाईची साखर कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या श्रमातून येत होती. १७९१ मध्ये गुलामव्यापार बंद करण्याचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेने फेटाळला, तेव्हा हजारो कुटुंबांनी ती साखर वर्ज्य केली. पुढे तिथे ‘गुलामांनी न केलेली, ईस्ट इंडियाची साखर’ अशा अर्थाची अक्षरे रंगवलेली साखरदाणीही विकली गेली.

१०/१२
गुलामी संपली, मळे राहिले. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. त्यांत कोकणातली माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. त्यामुळे ‘पाश्चात्त्य’ साखरेतही मराठी घाम मिसळलेला आहे. हा संबंध उगमाच्या वादात कुणाच्याच ध्यानी येत नाही.

११/१२
रंगांचीही एक कथा आहे. १८२० मध्ये रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक आकुम यांनी लंडनच्या बाजारातील भेसळ उघड केली : लाल गोळ्यांत पाऱ्याचा हिंगूळ, पांढऱ्या कॉम्फिटमध्ये साखरेबरोबर स्टार्च आणि चक्क माती. पुढे भेसळविरोधी कायदे झाले, १८७४ मध्ये ब्रिटनने साखरेवरील कर उठवला, फिरत्या यांत्रिक पिंपांनी हातांची जागा घेतली. मग कुठे हे दाणे सामान्य घरातल्या लहान मुलाच्या मुठीत आले.

१२/१२
म्हणून माझे मत असे : केकवर दाणे खुशाल भुरभुरावेत, त्यात लाजण्यासारखे किंवा मिरवण्यासारखे काही नाही. ‘हे कोणाचे?’ याबरोबर ‘हे कोणाच्या हातचे?’ असेही विचारावे. संक्रांतीला आपण हलवा वाटतो, तेव्हा महाराष्ट्रात गाळपाचा हंगाम भरात असतो आणि मराठवाड्यातून आलेली ऊसतोड कुटुंबे फडात कोयता चालवत असतात. यंदा एकदा परातीत मूठभर हलवा स्वतः करून पाहा आणि तोच घरच्या केकवर पेरा. एका दाण्याला किती वेळ लागतो, हे बोटांना कळेल. साखरेच्या इतिहासाचा अभ्यास तिथून सुरू करता येईल.