यंत्राचा डोळा चुकला तर?

लग्नाचा मांडव उतरतो, पाहुणे आपापल्या गावी जातात, उसनवारी हळूहळू फिटते, आणि मागे उरतो तो फोटोंचा एक आल्बम. वीस वर्षांनी तोच आल्बम मांडीवर घेऊन आजी नातवंडांस दाखविते, ‘हे बघ तुझे आजोबा, आणि ही तुझी थोरली आत्या.’ वधू चर्चच्या दारातून वेदीकडे एकदाच चालत येते. त्या घटकेचे छायाचित्र धूसर निघाले तर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा काढता येत नाही. म्हणून छायाचित्रकाराचा धंदा वरकरणी हौसेचा दिसला, तरी तो मोठ्या जोखमीचा आहे. लोकांची आठवण त्याच्या हाती सोपविलेली असते.

आमच्या गावांतील कितीतरी तरुणांनी हा धंदा पत्करला आहे, आणि ज्यांनी तो पत्करला नाही त्यांस लग्नकार्यात छायाचित्रकार बोलवावाच लागतो. यास्तव आज आम्ही एका अशा प्रश्नाविषयी लिहीत आहोत, की जो दुकानदाराच्या काऊंटरपाशी सुरू होतो आणि कित्येकदा तेथेच दडपला जातो. महागडा कॅमेरा विकत घेतला, त्याचा ऑटोफोकस नीट चालत नाही, आणि कंपनीचे लोक दाद देत नाहीत, अशा वेळी गरिबाने काय करावे?

उदाहरणासाठी आपण बडोद्यास जाऊ. आजच्या वडोदरा शहराचा आणि छायाचित्रणाचा संबंध जुना आहे, आणि त्यात मराठी माणसाचा वाटा आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारकीर्दीत 1890 साली तेथे कलाभवन स्थापन झाले. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ख्याती पावलेले धुंडिराज गोविंद फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी, आणि काही काळ त्यांनी जवळच्याच गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसायही केला. त्या काळचा छायाचित्रकार काळ्या कापडाखाली डोके घालून काचेवर उमटलेली उलटी प्रतिमा पाही आणि भिंग हाताने पुढेमागे सरकवून ती रेखीव करी. चित्र अंधुक आले तर दोष कोणाचा, याविषयी वाद नव्हता. डोळा त्याचा, हात त्याचा, जबाबदारीही त्याचीच.

पुढे हे काम यंत्राने आपल्याकडे घेतले. 1977 साली जपानच्या कोनिका कंपनीने आपोआप फोकस करणारा साधा कॅमेरा बाजारात आणला, आणि 1985 साली मिनोल्टा कंपनीच्या 7000 या कॅमेऱ्याने धंदेवाईक छायाचित्रकारांसही या सोयीची गोडी लावली. आता तर हाताने फोकस करणारा विरळा. परंतु डोळा यंत्राच्या स्वाधीन केला म्हणजे एक नवा प्रश्न उभा राहतो. यंत्राचा डोळा चुकला तर उत्तर कोणी द्यावयाचे?

हा डोळा कसा पाहतो ते थोडक्यात सांगितले पाहिजे. आरशाच्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेला बहुतेक उजेड मोठ्या आरशावरून छायाचित्रकाराच्या डोळ्याकडे जातो. त्यातला थोडा उजेड त्या आरशातून आरपार जाऊन मागच्या एका लहान आरशावर पडतो, आणि तेथून खाली बसविलेल्या फोकसच्या यंत्रणेकडे वळतो. भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा ही यंत्रणा एकमेकींशी ताडून पाहते. त्या जुळत नसतील तर भिंग किती आणि कोणत्या दिशेस सरकवावे, ते क्षणार्धात ठरविते. समोरचा माणूस चालत येत असेल, तर पुढच्या क्षणी तो कोठे असेल याचाही अंदाज तिला बांधावा लागतो. तो लहान आरसा केसभर कलला, किंवा प्रत्येक फोटोनंतर वेळेवर जागेवर स्थिर झाला नाही, तर सारा हिशेब चुकतो. मग वधूच्या डोळ्यांऐवजी तिच्या मागील खांब रेखीव येतो. आजच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत हा लहान आरसा नाही, म्हणून त्यापासून उद्भवणारा दोषही नाही. परंतु हलत्या माणसाचा माग काढण्याचे कठीण काम त्यांसही चुकलेले नाही.

आता बडोद्याच्या दांडिया बाजारातील एखादा तरुण डोळ्यांपुढे आणा. पतपेढीचे कर्ज काढून त्याने लाख-दीड लाखाचा कॅमेरा घेतला आहे. नवरात्रात गरब्याचे फेरे तो टिपतो. रात्रीचा उजेड, अखंड फिरणारी माणसे, अशी ही फोकसची खरी कसोटी आहे. वैशाखात लग्ने असतात, तेव्हा बडोद्याचा पारा चाळिशीपलीकडे जातो. आणि अशाच वेळी शंभरांतले तीस फोटो धूसर निघतात. तो सर्व्हिस सेंटरकडे धाव घेतो. तेथे सांगतात, ‘कॅमेरा ठीक आहे, तुमची सेटिंग चुकली असेल.’ कॅमेरा ठेवून घेतात, दोन आठवड्यांनी तसाच परत देतात, आणि कागदावर लिहितात, ‘तपासला, दोष आढळला नाही.’ फोन केला तर दर वेळी निराळाच माणूस बोलतो, आणि सारी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. हा तरुण आम्ही कल्पिलेला आहे, पण कोणतेही यंत्र दुरुस्तीस नेऊन असाच अनुभव घेतलेली माणसे आमच्या वाचकांत थोडी नसतील. अशा वेळी मनुष्याचा स्वतःवरचाच विश्वास उडतो. ‘एवढ्या मोठ्या कंपनीचा माल खोटा कसा असेल? माझाच हात वाईट असला पाहिजे,’ असे तो म्हणू लागतो.

अशा तरुणास धीर यावा म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो. 2007 साली कॅनन कंपनीने ईओएस 1डी मार्क 3 हा कॅमेरा बाजारात आणला. सेकंदास दहा फोटो काढणारा आणि फोकसचे पंचेचाळीस बिंदू असलेला हा कॅमेरा खेळाच्या मैदानावर काम करणाऱ्या वृत्तछायाचित्रकारांसाठी होता, आणि त्याची किंमतही तशीच भारी होती. थोड्याच दिवसांत काही छायाचित्रकारांच्या लक्षात आले, की लख्ख उन्हात आणि उष्ण हवेत धावत्या खेळाडूवर त्याचा फोकस ठरत नाही. रॉब गॅलब्रेथ नावाच्या कॅनडातील छायाचित्रकाराने त्रागा करीत न बसता परीक्षा सुरू केली. धावणाऱ्या माणसांचे ओळीने फोटो काढले, कोणता रेखीव आला आणि कोणता धूसर याची नोंद केली, आणि ते फोटो जसेच्या तसे सर्वांपुढे ठेवले. जगभरच्या छायाचित्रकारांनी ते पाहिले, आणि कित्येकांस आपल्याच कॅमेऱ्याचे दुखणे त्यात ओळखू आले.

काही महिने लोटले. अखेर त्याच वर्षाच्या उत्तरार्धात कंपनीने जाहीर केले, की काही कॅमेऱ्यांत त्या दुय्यम आरशाच्या यंत्रणेत दोष आहे, आणि तो विनामूल्य दुरुस्त करून दिला जाईल. पुढे कॅमेऱ्यातील आज्ञावलीही सुधारण्यात आली. तथापि या दुरुस्तीने सुधारणा झाली, पण दोष पुरता गेला नाही, असे गॅलब्रेथ यांचे म्हणणे राहिले. 2009 साली नवा नमुना आला तरी तो वाद लोक विसरले नव्हते. 2012 साली निकॉन कंपनीच्या डी 800 या कॅमेऱ्याविषयीही तक्रार उठली होती, की डाव्या बाजूचे फोकसबिंदू निवडले असता चित्र अंधुक येते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. जगातील नामांकित कंपन्यांच्या सर्वांत महागड्या मालातही दोष राहू शकतो, म्हणून आमच्या तरुणाने स्वतःस उगाच कमी लेखू नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कंपनीस हलविले ते मोठ्या आवाजाने नव्हे, पुराव्याने हलविले. ‘कॅमेरा बेकार आहे’ या वाक्यास उत्तर देणे सोपे असते. ‘अमुक तारखेस, अमुक भिंगाने, शंभरांपैकी एकतीस फोटो मागे फोकस झाले, ते सोबत जोडले आहेत’ या वाक्यास उत्तर देणे कठीण असते.

म्हणून प्रथम आपणच आपली परीक्षा घ्यावी. धूसर फोटोंपैकी पुष्कळसे हात हलल्यामुळे किंवा शटर सावकाश ठेवल्यामुळे बिघडतात, यंत्राचा त्यात अपराध नसतो. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवावा. छापील मजकुराचा कागद तिरपा ठेवून त्याच्या मधल्या ओळीवर फोकस करावा, आणि रेखीव आलेली ओळ तीच आहे की पुढची-मागची, ते पाहावे. हाच प्रयोग निदान दहा वेळा करावा, मग भिंग बदलून पुन्हा करावा. एकाच भिंगाने चूक होत असेल तर दोष बहुधा त्या भिंगाचा, किंवा भिंग आणि कॅमेरा यांच्या जुळणीचा असतो. अशी जुळणी पुष्कळ चांगल्या कॅमेऱ्यांत आपली आपणच थोडीफार सुधारता येते. सर्व भिंगांनी तीच चूक झाली तर कॅमेऱ्याकडे बोट दाखविण्यास जागा आहे. हे मूळ फोटो पुसू नयेत. वेळ, भिंग, शटर यांची नोंद त्यांच्या पोटातच असते, आणि साक्षीदार म्हणून तीच बोलते.

नंतर कागदपत्रांकडे वळावे. पक्के बिल घेतल्यावाचून कॅमेरा घेऊ नये. परदेशातून आडमार्गाने आलेला माल दहा-पंधरा हजारांनी स्वस्त मिळतो खरा, परंतु त्याची वॉरंटी येथील कंपनी मानीलच असे नाही. कॅमेरा दुरुस्तीस देताना पावती घ्यावी, तीवर कॅमेऱ्याचा क्रमांक आणि आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहवून घ्यावी. परत घेताना काय तपासले आणि काय बदलले ते लेखी मागावे. फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी ई-मेलने किंवा स्पीड पोस्टाने लिहून कळवावे. बोलणारी माणसे बदलतात, कागद बदलत नाही.

इतके करूनही दाद न मिळाल्यास कायदा आहे. आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा प्रथम 1986 साली झाला. त्याआधी 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभारून ग्राहकांस संघटित करण्याचे काम आरंभिले होते. आता 2019 चा नवा कायदा असून तो 2020 पासून अमलात आहे.

येथे छायाचित्रकारास हमखास एक हरकत ऐकावी लागते, ‘तुम्ही कॅमेरा धंद्यासाठी घेतला, तेव्हा तुम्ही ग्राहक नव्हेच.’ ही अर्धी गोष्ट झाली. व्यापारासाठी घेतलेल्या मालास हा कायदा लागू नाही, हे खरे. परंतु स्वतःच्या श्रमाने, केवळ उपजीविकेसाठी वापरण्यास घेतलेली वस्तू या अर्थाने व्यापारी ठरत नाही, असे कायद्यातच स्पष्ट म्हटले आहे. 1995 साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे उलगडून दाखविले. दुसऱ्यांची कागदपत्रे टंकून पोट भरणारा, किंवा स्वतः रिक्षा चालविणारा मनुष्य ग्राहकच होय. हाताखाली एक-दोन मदतनीस असल्याने त्याचा हक्क जात नाही. तक्रार करणाऱ्या कारखानदारास मात्र त्या खटल्यात लाभ झाला नाही, कारण त्याचे यंत्र मोठ्या धंद्यासाठी होते. स्वतः कॅमेरा गळ्यात अडकवून लग्नामागून लग्न करणाऱ्याने ही ओळ पाठ करून ठेवावी.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि ती आपण राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. बडोद्याच्या माणसास कंपनीच्या मुख्य कचेरीच्या गावी खेटे घालण्याचे कारण नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. सर्व्हिस सेंटरच्या गोड आश्वासनांवर विसंबून ही मुदत दवडू नये. दोष डोळ्यांनी दिसण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो. दोष ठरल्यास दुरुस्ती, बदली माल, किंमत परत आणि नुकसानभरपाई असे हुकूम होऊ शकतात. निकाल तीन महिन्यांत, आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांत व्हावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, हेही वाचकांस सांगून ठेवणे आमचे कर्तव्य आहे. म्हणून आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. कधी कधी तेवढ्यानेच काम होते.

ही सारी चर्चा केवळ कॅमेऱ्याची नव्हे. घरी शिवणयंत्र चालवून लेकरांस वाढविणारी माउली, नवी रिक्षा घेतलेला मुलगा, पिठाची गिरणी टाकणारा शेतकरी, या सर्वांस हाच कायदा आणि हीच रीत लागू आहे. आणि ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनीही छायाचित्रकारास दोन गोष्टी आधी विचाराव्या. जोडीस दुसरा कॅमेरा आहे ना, आणि ठरलेले लेखी दिले आहे ना? एवढे विचारूनही एखादा फोटो बिघडलाच, तर त्या गरिबावर तुटून पडण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. कदाचित तोही त्याच वेळी कोणाच्या तरी काऊंटरपाशी उभा राहून दाद मागत असेल.

ज्यांच्या घरी असा धंदा करणारा मुलगा वा मुलगी असेल, त्यांनी हा मजकूर वाचून दाखवावा, आणि आज संध्याकाळी घरातील सारी बिले शोधून एका पाकिटात नीट ठेवावी.